बुद्धिबळ क्रीडा आहे, व्यायाम नाही

दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथे बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, त्याच विजयाने ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर (ही बुद्धिबळातली सर्वोच्च पदवी) झाली, आणि राज्य सरकारने नागपुरात सत्कार करून तिला तीन कोटी रुपये दिले. त्यापाठोपाठ जुना वाद पुन्हा उकरला गेला. त्याच वर्षी जानेवारीत जगज्जेता ठरलेल्या डी. गुकेशला खेलरत्न मिळाले तेव्हाही तो झाला होता. एका बाजूचे म्हणणे, खुर्चीत बसून सोंगट्या सरकवणाऱ्याला मैदानात हाडे मोडून घेणाऱ्यांच्या पंक्तीला कसे बसवता? दुसरी बाजू लगेच बाह्या सरसावते: अहो, ग्रँडमास्टर दिवसाला सहा हजार कॅलरी जाळतो! दोन्ही बाजू भांडतात जोरात, पण मुद्द्याला हात घालत नाहीत. क्रीडा म्हणजे शरीराचे कष्ट, हे दोघांनीही न तपासता मान्य केलेले असते. एक म्हणतो बुद्धिबळात कष्ट नाहीत, दुसरा म्हणतो आहेत. स्पर्धेतले बुद्धिबळ ही क्रीडा आहे याबद्दल मला शंका नाही. पण तो व्यायाम नाही, आणि त्याला ओढूनताणून व्यायाम ठरवण्याने बुद्धिबळाचेच नुकसान होते.

आधी आपल्याच बाजूची खोटी नाणी बाहेर काढू. सहा हजार कॅलरींचा आकडा २०१९ मध्ये अमेरिकेतून पसरला आणि तेव्हापासून सत्काराच्या भाषणांत तो हटकून येतो. प्रत्यक्ष मोजणीत काय दिसले? ऑक्टोबर २०१८ मध्ये एका स्पर्धेत पोलार या कंपनीने खेळाडूंची हृदयगती नोंदवली. रशियाचा ग्रँडमास्टर मिखाइल अँटिपोव्ह याने दोन तासांत ५६० कॅलरी खर्च केल्या, असे त्यातून निघाले. म्हणजे तासाला २८०. या वेगाने सहा हजारांवर पोचायला एकवीस तासांहून जास्त वेळ सलग खेळावे लागेल. आणि हे २८० देखील सढळ हाताने मोजलेले. हृदयगतीवरून कॅलरी काढणाऱ्या यंत्राचे गणित धावणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या माणसावर बसवलेले असते. तिथे नाडी वाढते कारण स्नायू प्राणवायू मागतात. पटावर नाडी वाढते ती ताणाने. स्नायू स्वस्थच असतात. मेंदू विश्रांतीतही शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा घेतो, पण अवघड विचार करताना त्यात पडणारी भर किरकोळ असते. १९८४-८५ च्या मॉस्कोतल्या लढतीत अनातोली कार्पोव्हचे वजन दहा किलोंनी उतरल्याचे सांगितले जाते. पण ती लढत पाच महिने आणि ४८ डाव चालली होती. इतक्या काळात भूक मेली आणि झोप उडाली तर कारकुनाचेही वजन उतरेल.

दुसरे नाणे ‘बुद्धिबळाने गणित सुधारते’ हे. इंग्लंडमध्ये सुमारे शंभर शाळांत याची रीतसर चाचणी झाली. मुलांना वर्गात तीस तास बुद्धिबळ शिकवले आणि वर्षभराने त्यांचे गणिताचे गुण न शिकवलेल्या मुलांशी ताडून पाहिले. २०१६ मध्ये निष्कर्ष आला: फरक नाही. तिसरे नाणे चतुरंगाचे, म्हणजे बुद्धिबळाच्या जुन्या भारतीय रूपाचे. खेळ भारतात जन्मला हा अभिमानाचा विषय असेल, पण जन्मस्थळाने क्रीडा ठरत नाही. सोंगट्यांचा खेळही आपलाच, आणि सापशिडीही.

मग क्रीडा ठरते कशाने? उत्तरासाठी लांब जायला नको, पुण्यापासून सुरुवात केली तरी पुरे. खो-खो आणि हुतूतू महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या खेळले जात होते. पळणे, चकवणे, दम धरणे हे सारे तेव्हाही होते. पण अंगण बदलले की नियम बदलत. १९१४ च्या सुमारास पुण्यात खो-खोचे नियम लिहिले गेले. कबड्डीचे नियम साताऱ्यात, मग बडोद्यात बांधले गेले. आणि १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. मुलांच्या पायांत या काळात काही नवीन आले नव्हते. आले ते मापलेले मैदान, ठरलेला वेळ, पंच, आणि अमरावतीचा डाव बडोद्यालाही त्याच नियमांनी खेळता येण्याची सोय. बॅडमिंटनची गोष्टही वेगळी नाही. १८७३ मध्ये त्याचे नियम लिहिले गेले तेही पुण्याच्या छावणीत. कळसूबाई चढून उतरणाऱ्याचा घाम नेमबाजापेक्षा कितीतरी जास्त निघतो. म्हणून ट्रेकिंगला आपण क्रीडास्पर्धा म्हणतो का? उलट कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्य जिंकले, तेव्हा त्याचे सगळे कौशल्य शरीर हलू न देण्यात होते. त्याच्या कॅलरी कुणी विचारल्या नाहीत, आणि विचारू नयेत.

बुद्धिबळही याच वाटेने आले. आपल्याकडच्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जात नसे. राजाला डावात एकदा घोड्याची अडीच घरे मिळत. प्यादे शेवटच्या घरात पोचले की वाटेल तो मोहरा होत नसे. ज्या पट्टीत पोचले त्या पट्टीचा मोहरा व्हायचे. शिवाय गावागणिक बारीकसारीक फरक. पंजाबचा मीर सुलतान खान याच पद्धतीत वाढला. आंतरराष्ट्रीय नियम त्याने नंतर आत्मसात केले आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे घेतली. तरी सुरुवातीच्या दहा-बारा चालींत तो कायम अडखळायचा, कारण प्यादे दोन घरे टाकण्यावर उभारलेले सगळे प्रारंभशास्त्र त्याला परके होते. १९२४ मध्ये पॅरिसला, ऑलिंपिक तिथे भरलेले असतानाच, फिडे ही बुद्धिबळाची जागतिक संघटना स्थापन झाली. पुढे १९७० मध्ये तिने खेळाडूची ताकद आकड्यात मांडणारे ईलो मानांकन स्वीकारले. मानांकनात २०० ने वरचढ असलेल्या खेळाडूने शंभर डावांत सरासरी ७६ गुण (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) मिळवावेत, असे हे मानांकन आधीच सांगून ठेवते आणि प्रत्येक डावानंतर स्वतःला दुरुस्त करते. फलंदाजाच्या सरासरीत खेळपट्टी आणि गोलंदाज मिसळलेले असतात. इथे प्रतिस्पर्ध्याची ताकद आकड्यातच धरलेली असते. कामगिरीचा इतका नितळ हिशोब फार थोड्या क्रीडाप्रकारांत सापडेल.

ज्यांनी बुद्धिबळ फक्त घरी, चहा घेता घेता पाहिले आहे त्यांना स्पर्धेचा डाव म्हणजे काय याची कल्पना नसते, आणि वादातली निम्मी गफलत तिथेच होते. नेहमीची वेळ अशी: पहिल्या ४० चालींना ९० मिनिटे, नंतर ३० मिनिटांची भर, आणि पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंद. मोहऱ्याला जाणूनबुजून हात लावला की तोच खेळायचा. सरळ करायचा असेल तर आधी तसे बोलायचे. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याची खास चाल) एकाच हाताने करायचा आणि आधी राजाला हात लावायचा. चुकून हत्तीला आधी लावला तर त्या बाजूचा किल्लेकोट त्या चालीपुरता गेला. हत्तीची चाल होत असेल तर ती करणे भाग. ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचे. प्यादे शेवटच्या घरात ढकलले आणि वजीर न मांडताच घड्याळ दाबले, तर ती बेकायदा चाल. हत्ती उलटा ठेवून ‘हा वजीर’ म्हणणे घरी चालते. स्पर्धेत उलटा हत्ती हत्तीच धरला जातो. पहिल्या बेकायदा चालीला प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जादा, दुसरीला डाव गमावला. तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार म्हणून बरोबरी मागायची असेल तर चाल पटावर करायची नाही, नोंदीच्या कागदावर लिहायची आणि पंचाला बोलवायचे. आधी चाल करून बसलात, तर हक्क त्या क्षणी हातचा गेला. खिशात मोबाइल वाजला, डाव हरलात. पस्तीसाव्या चालीला घड्याळात दोन मिनिटे उरलेली, वजिराच्या बाजूला तीन मोहरे एकमेकांना अडकलेले, आणि तरीही प्रत्येक चाल लिहायचीच. नवशिक्या खेळाडूचे अक्षर इथून पुढे वाचता येत नाही, आणि नंतर बरोबरीचा दावा करताना तोच कागद त्याच्या उपयोगी पडत नाही.

गुकेश आणि डिंग लिरेन यांच्या अजिंक्यपदाच्या लढतीचा चौदावा डाव १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला झाला. गुण साडेसहा-साडेसहा. डिंगकडे पांढरे मोहरे, एक प्यादे कमी, पण हत्ती आणि उंट शाबूत. बरोबरी राखता येण्याजोगी स्थिती. पंचावन्नाव्या चालीला त्याने हत्ती एफ-२ या घरावर आणून हत्तींची मारामारी, म्हणजे अदलाबदल, पुढे केली. त्याचा उंट पार कोपऱ्यात, ए-८ वर होता. हत्ती गेले, मग गुकेशने उंट डी-५ वर नेऊन उंटांचीही मारामारी लादली, आणि उरला राजा-प्याद्यांचा सरळ जिंकलेला शेवट. अठ्ठावन्नाव्या चालीनंतर डिंगने डाव सोडला. हत्ती बदलले की उंट बदलले जातात आणि प्याद्यांचा शेवट हरतो, हे एरवी क्लबातला बरा खेळाडूही पाहतो. मग एके काळी मानांकनात जगात दुसऱ्या स्थानी असलेल्या जगज्जेत्याला ते का दिसले नाही? ज्ञान कमी पडले म्हणून? अठरा दिवस, चौदा डाव, आणि त्या दिवशी कित्येक तास किंचित वाईट स्थिती सांभाळत बसणे, यांनी लक्षाची जी पकड सुटते तिला ज्ञानात उत्तर नाही.

आता विरुद्ध बाजूचा सर्वात तगडा मुद्दा. तो घामाचा नाहीच. तो असा: नेमबाज फार हलत नसेल, पण निकाल त्याच्या शरीराच्याच कौशल्याने लागतो. बुद्धिबळात चाल दुसऱ्याच्या हातून करवून घेता येते. हात न चालणाऱ्या खेळाडूला सहायक मिळतो. दृष्टिहीन खेळाडू खुंटीच्या पटावर खेळतो; काळी घरे किंचित उंच असतात, मोहरे बोटांनी चाचपायची मुभा असते, खुंटी भोकातून उचलली तरच स्पर्श झाला असे धरतात. म्हणजे शरीराची हालचाल काढून घेतली तरी डाव जसाच्या तसा राहतो. स्वप्नीलच्या जागी दुसऱ्याने रायफल धरली तर काय उरेल? युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१७ मध्ये ब्रिज या पत्त्यांच्या खेळाच्या खटल्यात हाच धागा पकडला: ज्यात शारीरिक अंश नगण्य आहे तो करमाफीपुरता ‘क्रीडा’ नव्हे. इंग्लंडमध्ये बुद्धिबळालाही हीच फूटपट्टी लावली जाते.

हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. क्रीडा म्हणजे शरीराचे कौशल्य अशी व्याख्या केली तर बुद्धिबळ बाहेर पडते, आणि त्याला कॅलरींच्या दोराने आत ओढणे लाजिरवाणे आहे. पण व्याख्या कशासाठी केली, हेही विचारायला हवे. इंग्लंडच्या क्रीडा मंडळाचे काम लोकांना हालते-फिरते ठेवणे. त्याच्या दृष्टीने पटावरचा माणूस बसलेलाच. न्यायालयापुढचा प्रश्न मूल्यवर्धित कराचा होता. आरोग्याचा पैसा वाटताना शारीरिक हालचालीची अट योग्यच आहे. देशाचे प्रतिनिधित्व कोण करतो, निवड कशी होते, प्रशिक्षकाला मान द्यायचा का, हे ठरवताना तीच अट का लावावी? भारताने ती कधीच लावलेली नाही. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाले आणि पहिल्याच वर्षी बुद्धिबळपटू मॅन्युएल एरन यांना मिळाले. द्रोणाचार्य पुरस्काराच्या दुसऱ्याच वर्षी, १९८६ मध्ये, मुंबईचे रघुनंदन गोखले त्याचे मानकरी होते. पहिले खेलरत्न विश्वनाथन आनंदचे. ‘आता बुद्धिबळालाही क्रीडा म्हणायला लागले’ असा सूर लावणाऱ्यांना साठ वर्षे उशीर झाला आहे.

शिवाय निकालात शरीराचे कौशल्य नसले तरी शरीर आहेच. केवळ साठवलेल्या ज्ञानावर निकाल लागला असता तर जगज्जेते साठीतले असते, कारण वयाबरोबर ज्ञान वाढतच जाते. २०१३ मध्ये चेन्नईतल्या अजिंक्यपदाच्या लढतीत आनंद ४३ वर्षांचा होता आणि मॅग्नस कार्लसन २२ चा. आनंदची प्रारंभाची तयारी अव्वल होती. पहिले दोन डाव हातचे गेले ते कित्येक तासांनी, बरोबरीच्या वाटणाऱ्या शेवटांत. त्याहून बोलका पुरावा जर्मनीतल्या एका प्रयोगात आहे. ३९ खेळाडूंना मोडाफिनिल किंवा मिथाइलफेनिडेट ही मेंदूला उत्तेजन देणारी औषधे, कॅफीन किंवा नुसती साखरेची गोळी देऊन त्यांच्याकडून संगणकाविरुद्ध पंधरा मिनिटांचे तीन हजारांहून अधिक डाव खेळवून घेतले. औषध घेतलेले खेळाडू जास्त खोल विचार करू लागले, आणि वेळ संपून जास्त डाव हरले. वेळेवर गमावलेले डाव वगळले तेव्हा कुठे औषधाचा फायदा दिसला. बरोबर चाल सापडणे आणि ती वेळेत सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्पर्धा दुसऱ्या गोष्टीची असते. पत्राने, सवडीने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाला म्हणूनच मी क्रीडा म्हणणार नाही. तिथे आता संगणकाची मदतही चालते. ‘दोन चालींत मात’ अशी कोडी रचणे ही कला आहे. पट एकच, व्यवहार वेगवेगळे. क्रीडा की नुसता खेळ, हा प्रश्न त्यामुळे पटाला विचारून उपयोग नाही. तो स्पर्धेला विचारायचा असतो.

‘शरीर महत्त्वाचे नाही तर महिलांचा वेगळा गट कशाला?’ हा प्रश्न चतुराईचा वाटतो, पण तो माहिती नसल्याचा आहे. बुद्धिबळात पुरुषांचा असा गटच नाही. आहे तो खुला गट. महिलांच्या स्पर्धा जादा आहेत, मुलींची संख्या वाढावी म्हणून. हे फुकट मिळालेले नाही. १९७६ मध्ये मुंबईच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना महिलांना कुठल्याही अजिंक्यपद स्पर्धेतून वगळता येणार नाही असा निर्णय द्यावा लागला. हंगेरीची जुडिट पोल्गार पुढे खुल्या यादीत जगात आठव्या स्थानापर्यंत पोचली. दिव्याची पदवीही ‘महिला ग्रँडमास्टर’ ही वेगळी पदवी नव्हे, ग्रँडमास्टरचीच आहे.

उरतो घसरणीचा मुद्दा: बुद्धिबळ घेतले तर उद्या रमी, लुडो, गणित ऑलिंपियाडही क्रीडा म्हणायचे का? नाही. गणिताच्या परीक्षेत समोर कुणी तुमची चाल उधळून लावत नाही. सगळे आपापला पेपर सोडवतात. लुडोत फासा आहे, रमीत वाटलेले पत्ते. बुद्धिबळात दैवाला वाव एवढाच की पांढरे कुणाकडे, आणि तोही रंग आलटून पालटून देऊन मिटवला जातो. ब्रिजची बाजू मात्र मजबूत आहे, कारण डुप्लिकेट ब्रिजमध्ये तेच पत्ते सगळ्या टेबलांवर फिरवून नशीब बाद केले जाते. २०१८ च्या एशियाडमध्ये साठ वर्षांच्या प्रणब बर्धन यांनी शिबनाथ सरकार यांच्या जोडीने सुवर्ण घेतले तेव्हा लोक हसले. टोकियोत ६२ व्या वर्षी घोडेस्वारीत दोन पदके घेणाऱ्या अँड्र्यू हॉय यांना कुणी हसले नाही. पळाला तो तर घोडा होता. वय आणि घाम हे निकष आपण सोयीने वापरतो, ते असे.

आणि ऑलिंपिक? १९१२ ते १९४८ या काळात ऑलिंपिकमध्ये चित्रकला, शिल्प, साहित्य, संगीत आणि वास्तुकलेलाही पदके होती. १९४८ मध्ये जॉन कोपली यांनी ७३ व्या वर्षी कोरीवकामात रौप्य घेतले. त्यामुळे कोरीवकाम क्रीडा झाले नाही, आणि पदके बंद झाल्याने कलेचे काही बिघडले नाही. यजमानाच्या मर्जीने बुद्धिबळ २००६ व २०१० च्या एशियाडमध्ये होते, २०१४ व २०१८ मध्ये नव्हते, हांगझोऊला पुन्हा आले. मधल्या काळात ते क्रीडा नव्हते काय? गंमत म्हणजे २०२५ मध्ये रियाधच्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकातही बुद्धिबळ होते आणि कार्लसन जिंकला. कार्यक्रमपत्रिका व्याख्या ठरवत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने फिडेला १९९९ मध्येच मान्यता दिली आहे. प्रत्यक्ष ऑलिंपिकमध्ये शिरण्यासाठी जी आर्जवे चालतात ती मला अनावश्यक वाटतात. बुद्धिबळाचे स्वतःचे ऑलिंपियाड आहे. २०२४ मध्ये बुडापेस्टला भारताने त्यात खुल्या आणि महिला दोन्ही गटांत सुवर्ण घेतले. नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या दोघेही त्या संघांत होते.

क्रीडा आणि व्यायाम वेगळे मानले की काही गोष्टी आपोआप ठरतात, आणि त्या बुद्धिबळप्रेमींनाही सगळ्याच आवडतील असे नाही. मैदान नसलेल्या शाळेने वर्गात दहा पट मांडून शारीरिक शिक्षणाचा तास झाल्याचे दाखवणे ही शुद्ध फसवणूक आहे. बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलालाही धावायला हवेच. खरे तर त्यालाच जास्त, कारण तो बाकीचा वेळ बसून असतो. बुद्धिबळाला वेळ द्यायचा तर शाळेने तो वेगळा काढावा, मैदानाच्या तासातून कापू नये. दुसरीकडे, क्रीडा म्हणून मान्य केलेच आहे, शालेय क्रीडास्पर्धांत तालुक्यापासून राज्यापर्यंत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट आहेत, आणि दहावी-बारावीचे सवलतीचे गुण त्यांच्या निकालांवर अवलंबून आहेत, तर त्या स्पर्धा क्रीडेसारख्या घ्यायला नकोत का? अजूनही काही ठिकाणी त्या बाद पद्धतीने, घड्याळाशिवाय होतात. वेळ संपत आली की कुणीतरी शिक्षक दोन्हीकडचे मोहरे मोजतो आणि जास्त मोहरे असलेल्याला विजयी ठरवतो. या पद्धतीने तर प्यादे देऊन हल्ला करणारे, म्हणजे चांगले खेळणारे मूलच हरते. रडणाऱ्या मुलाला मग ‘खेळात हार-जीत असतेच’ हे ऐकवले जाते.

बरोबर पद्धत महाग नाही. ६४ मुले असतील तर बाद पद्धतीत एकूण ६३ डाव होतात आणि पहिल्या फेरीनंतर ३२ मुले घरी जातात. स्विस पद्धतीत समान गुणांची मुले एकमेकांशी खेळतात. सहा फेऱ्या, १९२ डाव, प्रत्येकाला सहा संधी, आणि पहिल्याच फेरीत दोन तगडी मुले एकमेकांवर आदळून एक वाया जाण्याची भीती नाही. वेळ १५ मिनिटे आणि दर चालीला १० सेकंद ठेवली तर साठ चालींचा डाव जास्तीत जास्त ५० मिनिटांत आटोपतो. सहा फेऱ्यांचे पाच तास आणि जोड्या लावायला मधले दहा-दहा मिनिटे धरली तरी सकाळी नऊला सुरू केलेली स्पर्धा जेवणाच्या सुट्टीसह चारपर्यंत संपते. लागतात ३२ घड्याळे, जोड्या लावणारे सॉफ्टवेअर असलेला एक लॅपटॉप, आणि नियमावली वाचलेले दोन-तीन पंच. घड्याळे एकदा घेतली की जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांत वर्षानुवर्षे फिरवता येतात. पंच मिळणे हीच खरी अडचण आहे, पण जवळपास प्रत्येक जिल्ह्यात बुद्धिबळ संघटना आहे आणि तिच्याकडे परीक्षा दिलेले पंच असतात. क्रीडा अधिकाऱ्याने त्यांना स्पर्धेच्या आठवडाभर आधी बोलवावे, आदल्या रात्री नव्हे.